आर्गिरिसच्या कानातली हाक

आर्गिरिसला एकवीस इंजेक्शनं मी दिली. हे आधीच सांगून टाकते, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. त्याचे कान गेले ते त्या इंजेक्शनांनी, की खाणीतल्या सुरुंगांनी, की त्याच्या बंदुकीने, की त्याच्या सासूच्या म्हणण्याप्रमाणे दृष्ट लागून, यावर आमच्या गावात आजही तीन माणसं जमली की चार मतं होतात. माझं स्वतःचं मत सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं. पण सुई माझ्या हातात होती, आणि नवव्या दिवशी जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमचं गाव एव्हिया बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि ते डोंगराच्या दोन कुशींवर पसरलंय. मधे घळ. समोरच्या कुशीवरचं माणूस दिसतं, त्याने टोपी घातलीय की नाही तेही दिसतं, पण त्याच्यापर्यंत चालत जायचं तर दीड तास मोडतो. म्हणून आम्ही शिळेवर बोलतो. शीळ म्हणजे नुसत्या खुणा नव्हेत. ‘काळी शेळी अजून लंगडतेय का, आणि काल तुझी बहीण काय म्हणाली’ इतकं सगळं दातांमागे जीभ दुमडून पलीकडे पोचवता येतं. बाहेरच्या लोकांना याचं भारी कौतुक. आम्हाला डोंगर चढायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

याचा एक नियम आहे. आधी एक लांब, सरळ शीळ घालायची. तिचा अर्थ ‘ऐक’. पलीकडच्याने ‘इथे आहे, बोल’ अशी ओ द्यायची, आणि मगच मुद्द्याची गोष्ट. लांब शीळ ऐकून जो ओ देत नाही तो माजलेला समजावा. एवढ्यावरून आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडली आहेत.

आर्गिरिस शेळ्या राखायचा. त्याच्याइतके तल्लख कान गावात कुणाचे नव्हते. लांब शीळ आली की कुणाची आहे, कुठल्या खडकावरून आहे, आणि तो माणूस जेवलाय की उपाशी आहे, इतकं सांगायचा. थापा मारत असेल, पण बहुतेक वेळा खरं निघायचं. फक्त एका माणसाची शीळ त्याला ऐकू येत नसे, ती म्हणजे झाम्बेताची, त्याच्या बायकोची. ती समोरच्या कुशीवरच्या घराच्या ओट्यावर उभी राहून एकदा बोलवायची, दोनदा, तीनदा, आणि सगळा डोंगर ऐकायचा. चौथ्या वेळेला हा उपकार केल्यासारखी ओ द्यायचा. बायका तिला चिडवायच्या की तू बोकडाशी लग्न केलं असतंस तर त्याने तरी मान वळवली असती. ती हसण्यावारी न्यायची, पण मला माहीत होतं, तिला ते लागायचं.

मी लग्नाआधी कारिस्तोसच्या दवाखान्यात सात वर्षं कामाला होते. सुई टोचायला तिथे शिकले, म्हणून गावात कुणालाही इंजेक्शन असलं की ते माझ्याकडे. माझं नाव लेमोनिया, पण या दोघांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता होते, त्यामुळे ती दोघं मला ‘कुंबारा’ म्हणतात. हे नातं रक्ताच्या नात्याहून अवघड असतं. बहिणीशी भांडता तरी येतं.

त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये आर्गिरिसला ताप भरला. तो बावन्न वर्षांचा होता. ताप दिवसा उतरायचा, संध्याकाळी चढायचा, अंथरूण घामाने भिजायचं आणि कंबर धरायची. न तापवलेल्या दुधाचं ताजं चीज आमच्याकडे सगळे खातात, आणि दरवर्षी त्यातला एखादा असा आडवा होतो. दर मंगळवारी गावात येणारा डॉक्टर योर्दानिस तरुण होता. सरकारी नियमाप्रमाणे वर्षभर खेड्यात राबायला आलेला. त्याने रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं, माल्टा ताप. सहा आठवडे गोळ्या, आणि तीन आठवडे रोज एक स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन.

मला त्याने बाजूला घेऊन बजावलं होतं, हे मी नाकारत नाही.

“औषध चांगलं आहे, पण कधी कधी कानाच्या मुळावर उठतं. कानात आवाज येतो म्हणाला किंवा चालताना झोक गेला, तर सुई थांबवायची आणि मला फोन करायचा. रोज विचारत जा.”

मी रोज विचारलं. तोंडाने येशूचं नाव घेऊन सांगते, एकही दिवस चुकले नाही.

आठवड्याभरात ताप हटला आणि आर्गिरिस शेळ्यांच्या वाड्यावर परतला. वाडा घळीच्या माझ्या बाजूला आहे, त्यामुळे सकाळी दूध काढून झालं की तो माझ्या अंगणात यायचा. नवव्या दिवशी मी सुई काढून स्पिरिटचा बोळा दाबून धरला होता, तेवढ्यात त्याने हात वर केला.

“थांब, झाम्बेता बोलावतेय.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण माझे कान साधे, त्याचे कान म्हणजे गावाचा अभिमान. मी म्हणाले, मग दे की ओ, कधी नव्हे ते पहिल्या वेळेला. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने खरंच बोटं तोंडात घातली आणि ‘इथे आहे, बोल’ अशी सणसणीत शीळ दिली. क्षणभर शांतता. मग पलीकडून झाम्बेताची शीळ आली. येताना ओरेगानो आण.

आता तुम्हीच सांगा. पलीकडून निरोप आला म्हणजे तिने बोलावलं होतं, असंच ना? दुसरं काय समजायचं होतं मी? तरी ठरलेला प्रश्न मी विचारलाच, कानात काही आवाज वगैरे?

“कसला आवाज?” तो म्हणाला. “कान ठणठणीत आहेत. तुला जे ऐकू आलं नाही ते मला आलं.”

दहाव्या दिवसापासून तर हे रोजचंच झालं. आर्गिरिस ओ देत सुटला. दूध काढताना, पाणी भरताना, जेवताना घास हातात धरून तो थांबायचा, डोंगराकडे तोंड करायचा आणि ‘इथे आहे, बोल’. प्रत्येक वेळी कुठून ना कुठून उत्तर यायचंच, कारण ‘बोल’ म्हटल्यावर गप्प राहणारं माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचंय. बहुतेक वेळा झाम्बेताच बोलायची. कॉफीच्या दुकानातला स्ताव्रिस म्हणाला, तापाने माणूस सुधारतो हे माहीत असतं तर मीही जरा चीज खाल्लं असतं. झाम्बेता त्या दिवसांत निळा रुमाल बांधायची, लग्नातला. ओट्यावर तिची ये-जा वाढली होती. मी समोरून बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

सोळाव्या दिवशी की सतराव्या, तो तिन्हीसांजेला वाटेवरून येताना होडीत चालल्यासारखा चालला. दुकानापुढे बसलेल्या पुरुषांनी त्सिपुरो दारूचे किती पेले झाले म्हणून विचारलं. मीही विचारलं, पेले नव्हे, झोक. तापाने पायांतली ताकद गेलीय, तो म्हणाला. बावन्न वर्षांचा माणूस, महिनाभर तापात भाजून निघालेला, लटपटणार नाही तर काय नाचणार? मला शंका आली का? आली असेल. अंधारातच झोक जातो, उजेडात नाही, हे मी पाहिलं होतं, आणि अशक्त पाय उजेड-अंधार बघत नाहीत. मग फोन का केला नाही? चार इंजेक्शनं उरली होती, फोन गावात एकच, तोही स्ताव्रिसच्या दुकानात, आणि डॉक्टर मंगळवारी येणारच होता. मंगळवारी त्याची गाडी बिघडली. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि सगळी एकत्र केली तरी पुरत नाहीत.

एकवीस सुया संपल्या. ऑगस्ट उजाडला आणि आर्गिरिस ओ द्यायचा थांबला.

म्हणजे गंमत बघा, तो स्वतःहून मधेच ‘इथे आहे, बोल’ म्हणायचा, पण लोक बोलले की पुढे काही नाही. झाम्बेताने बोलावलं, उत्तर नाही. स्ताव्रिसने वरून शीळ घातली की तुझ्या शेळ्या माझ्या द्राक्षांत शिरल्यात, उत्तर नाही, आणि शेळ्यांनी दोन ओळी साफ केल्या. स्ताव्रिस भांडायला खाली उतरला तर आर्गिरिस समोर उभा राहून त्याचा शब्दन् शब्द ऐकत होता आणि चोख उत्तरं देत होता. मग बहिरा कसा? गावाने ठरवलं की त्याला माज चढलाय. सासूने कानात कोमट तेल घातलं आणि लवंगा जाळून दृष्ट काढली. मी पिचकारीने कान धुतले, त्यात मळाचा कणही नव्हता. काय होतंय तेच कुणाला कळेना, त्याला तर मुळीच नाही.

एका सकाळी तो माझ्या अंगणात येऊन बसला. बराच वेळ डोंगराकडे बघत होता. मग त्याने विचारलं, “तुम्ही सगळ्यांनी शीळ घालायचं सोडलंत का, कुंबारा? माझं काही चुकलं का?”

त्याच वेळी घळीच्या पलीकडे दोघी जणी शिळेवर तावातावाने बोलत होत्या.

त्याला वाटत होतं की बायका हल्ली तोंडात ऑलिव्हची बी धरून बोलतात. पुरुषांचं जाड बोलणं नीट कळायचं, शेळ्यांच्या मोठ्या घंटा कळायच्या, पण पाखरं गेली होती, शीळ गेली होती, आणि झाम्बेताचा आवाज अर्धा गेला होता. एक तेवढी लांब शीळ दिवसभर चालू असायची. झाम्बेताची असणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं, म्हणून तो ओ देत राहायचा.

डॉक्टर योर्दानिसने त्याला अथेन्सला पाठवलं. तिथे त्याला काचेच्या खोलीत बसवून कानाला टोपण लावलं आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. त्याचा कागद आला त्यावर एक रेघ होती. डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक, आणि मधून जी खाली गेली ती आमच्या घळीसारखी. डॉक्टरने मला समजावायला भिंतीवरची एक गोगलगाय उचलली आणि माझ्या टेबलावर ठेवली. कानाचा पडदा चांगला आहे, म्हणाला, मागची बारीक हाडंही चांगली, म्हणून तेल घालून आणि मळ काढून काही व्हायचं नव्हतं. बिघाड त्याच्या आत, असा शंख असतो तिथे. शंखात दिसतही नाहीत इतके बारीक केस असतात. दाराजवळचे उंच आवाज पकडतात, आतले जाड आवाज. हे औषध दारापासून कुरतडत आत जातं. माणसांचं बोलणं बरंचसं आतल्या भागात, म्हणून तो गप्पा मारू शकतो. तुमची शीळ नेमकी दाराजवळ.

परत उगवतात का ते केस, मी विचारलं. नाही म्हणाला. ऑपरेशन? नाही. कुणाचा कान एका रात्रीत अचानक बसला आणि तो दोन-चार दिवसांत आला तर गोळ्यांनी कधी कधी वाचतो, पण हे तसं नाही. खाणीत दोन वर्षं होता, बंदूक खांद्याला लावून चाळीस वर्षं ससे मारले, त्यानेही दाराशी थोडी पडझड आधीच झालेली असणार. आता फक्त मशीन. मग तो गोगलगायीकडे बघत म्हणाला, मला एक कळत नाही. याला आधी आवाज कसा आला नाही? बहुतेकांना येतो. लांब, सरळ, शिट्टीसारखा.

मी चुलीकडे वळले आणि कॉफी ढवळत बसले.

“समजा आला असता,” मी पाठमोरीच विचारलं, “आणि नवव्या दिवशी थांबवलं असतं?”

“बरंच वाचलं असतं. म्हणजे बहुतेक. थांबवल्यावरही हे औषध कधी कधी मागे कुरतडत राहतं, त्यामुळे खात्रीने नाही सांगता येत.” तो थांबला. “पण त्याने सांगितलंच नाही ना काही?”

“नाही,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. त्याने आवाज येतो असं कधीच सांगितलं नाही. झाम्बेता बोलावतेय, असं सांगितलं होतं. पण मग खरं तरी होतं का?

हिवाळ्यात मशीन आलं, कानामागे अडकवायचं, पावट्याच्या दाण्यासारखं. पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. आर्गिरिस चुलीशी बसून ऑलिव्ह चघळत होता, आणि एकदम लांब सरळ शीळ वाजली. झाम्बेता हातातली परात टाकून ओट्यावर धावली आणि काळोख्या डोंगराला ‘इथे आहे, बोल’ अशी शीळ घालू लागली. कुत्रा भुंकत तिच्या मागे. डोंगराकडून कुणी काही बोललं नाही. पुन्हा शीळ वाजली, ती घरातून. आर्गिरिसचा जबडा हलला की मशीन कानात सैल व्हायचं आणि केकाटायचं. सगळ्या घराला ऐकू येत होतं, फक्त त्याला नाही. तो ऑलिव्हची बी हातात घेऊन विचारत होता, कुणाला ओ देतेयस गं? झाम्बेता दाराला टेकून हसायला लागली, आणि हसता हसता तिचं काय झालं ते तिलाही कळलं नाही, ती तोंड झाकून आत गेली.

पुढे कारिस्तोसला कानाचा साचा नीट करून घेतला. केकाटणं थांबलं, बायकांचं बोलणं जरा सुधारलं. शीळ मात्र आली नाही. जिथे पकडणारे केसच उरले नाहीत तिथे आवाज मोठा करून काय उपयोग, डॉक्टर म्हणाला. आर्गिरिस मशीन रविवारी चर्चला घालतो. एरवी ते बटणांच्या डब्यात असतं.

ही गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली. माझ्या पोटात एरवी शेजारणीचं भांडणही रात्रभर टिकत नाही. शेवटी पुढच्या जुलैत एका दुपारी दीड तास चालून झाम्बेताकडे गेले. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. छताच्या लाकडांना ओरेगानोच्या जुड्या टांगल्या होत्या, एक नाही दोन नाही, पार भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी म्हटलं, एवढा कोण खाणार, दुकान काढतेस की काय? रोज आणतो, ती म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

मी बसले आणि सांगून टाकलं. नववा दिवस, माझं अंगण, त्याचा वर केलेला हात. तू बोलावलंच नव्हतंस, मी म्हणाले. ती शीळ त्याच्या कानातली होती, औषधाची. ती धोक्याची घंटा होती आणि मीच त्याला म्हणाले ओ दे. फोन केला असता तर कदाचित आज...

झाम्बेताच्या हातातली शेंग उघडून तशीच राहिली होती. ती माझ्या अंगावर धावून येईल अशी माझी तयारी होती, मला ते हवंच होतं.

“मी नव्हतं बोलावलं, ते मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “मी कपडे वाळत घालत होते. त्याची ओ आली. मला वाटलं, त्यालाच बोलायचंय माझ्याशी आणि लाजतोय. म्हणून ओरेगानो म्हटलं. दुसरं काही सुचेना.”

तिने शेंगेतले दाणे भांड्यात टाकले.

“तीस वर्षं झाली लग्नाला. त्यातले तीन आठवडे हा माणूस मला दिवसातून वीसदा विचारत होता, इथे आहे, बोल. मरता मरता वाचला आणि बायको आठवली, असं मला वाटलं. मी आरशात बघायला लागले होते, कुंबारा. कान गेला तेव्हासुद्धा मनात म्हटलं, ते तीन आठवडे तर कुणी नेत नाही.” तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि तू आज एवढं चालत आलीस, ते औषध होतं म्हणून सांगायला.”

मी मन मोकळं करायला आले होते. मोकळं कुणाचं झालं आणि रिकामं कुणाचं, हे मला त्या खुर्चीत बसून कळत नव्हतं, आजही कळत नाही.

तेवढ्यात घळीपलीकडून शीळ आली. आर्गिरिसची. इथे आहे, बोल.

झाम्बेता उठली. हात पुसले, ओट्यावर गेली, रुमाल नीट केला आणि बोटं तोंडात घालून सावकाश, एकेक तुकडा सुटा करून उत्तर दिलं. येताना ओरेगानो आण.

“झाम्बेता,” मी म्हणाले, “त्याला कुठे ऐकू...”

“गप्प बस, कुंबारा. गेल्या वर्षी गप्प बसलीस, आजही बस.”

मी बसले. दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या. उन्हं कलल्यावर आर्गिरिस वाटेवरून वर आला, झोक सांभाळत, एका हाताने भिंत धरून. दुसऱ्या हातात ओरेगानोची जुडी होती. झाम्बेताने ती घेतली आणि खुर्चीवर चढून छताला जागा शोधू लागली.